वरची बाजू, खालची बाजू

ट्रान्सफॉर्मरला दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला एक पहारेकरी असतो. वरच्या बाजूला मोठ्या दाबाची वीज येते, खालच्या बाजूने ती बेताची होऊन गावात जाते. तारेला फांदी लागली किंवा केबल फुटली, की प्रवाह भलतीकडे धावत सुटतो आणि पहारेकऱ्याने आपलं दार लावून घ्यायचं असतं. आधी कोणी लावायचं याचा शिष्टाचार ठरलेला होता. दोष खाली झाला तर खालच्याने आधी. वरच्याने तेवढ्यात श्वास रोखून थांबायचं, अर्ध्या सेकंदाहूनही कमी, आणि खालच्याला नाहीच जमलं तर पुढे व्हायचं. वरच्याने घाई केली तर ज्यांचा त्या दोषाशी काडीचाही संबंध नाही त्यांचीही वीज जाते. संरक्षण अभियंता नावाच्या प्राण्याची बरीचशी हयात हे थांबणं जुळवण्यात जाते, आणि ते नीट जुळलं तर त्याचं नावही कुणाला कळत नाही.

शिरगुंडी या तालुक्याच्या गावी हे काम त्रिशला चौगुले करत असे. चाळिशीची, बोलण्यात तुटक, आकड्यांवर मात्र जीव लावणारी बाई. पुण्याच्या साहेबांसमोर ती 'आले, गेले' असं शुद्ध बोले आणि घरच्या माणसांशी कोल्हापूरकडच्या मुलींसारखं 'मी आलो, मी गेलो' असं. दोन्ही भाषांत ती कधी गोंधळली नाही.

तिच्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत तो जुना शिष्टाचार चालला. मग गावातल्या प्रत्येक छपरावर सौर पत्रे आले, जिन्याखाली बॅटऱ्या आल्या, आणि वीज दुपारी खालून वर चढू लागली व दिवेलागणीला वरून खाली उतरू लागली. कोण वरचा आणि कोण खालचा हेच तासातासाला बदलायला लागलं. शिवाय ट्रान्सफॉर्मर हा तसा बेभरवशाचा निरोप्या. खाली एका तारेला झालेलं दुखणं तो वर दोन तारांत वाटून दाखवतो, तेही फिकं करून. त्यामुळे खाली नेमकं काय पेटलंय ते वरच्याला कळत नाही, आणि वेळा कितीही जुळवल्या तरी कुठेतरी चुकतंच.

म्हणून 'सांगाती' आला. दोन्ही पहारेकऱ्यांना काचेच्या तंतूने जोडणारी ही शिकणारी यंत्रणा. वरचा काय पाहतोय ते खालच्याला आणि खालचा काय पाहतोय ते वरच्याला त्याच क्षणी कळे, आणि कोणी दार लावायचं ते सांगाती ठरवी. ठरलेल्या वेळा नाहीत, ठरलेला क्रम नाही. त्याला एकच आज्ञा दिलेली होती: सगळ्यांचं मिळून होणारं नुकसान कमीत कमी ठेव. आता नुकसान किती झालं हे यंत्राला कसं कळणार? ते विचारून घेई. वीज गेली किंवा नुसती डोळा मिचकावून आली, तरी पाव तासात ग्राहकाला फोन जाई आणि एक शांत बायकी आवाज विचारी, "आपलं नुकसान किती झालं? किरकोळ, मध्यम की मोठं?" लबाडी नको म्हणून ग्राहकाचा नोंदवलेला आवाजच चाले.

गावाने ही विद्या झटपट आत्मसात केली. दिवा फडफडला की लोक फोनवर "मोठं!" म्हणून ओरडत. कुणाचं दही बिघडे, कुणाची मालिका बुडे, एका शिंप्याचा तर दर वेळी तोच एक कोट जळे. सांगाती सगळं ऐकून घेई आणि शिके.

उसाच्या हंगामात त्याने एक युक्ती शोधून काढली. ती त्याला कुणी शिकवली नव्हती. शिरगुंडीत ट्रॅक्टर विजेवर आणि चालकाविना चालू लागले होते, पण ट्रॉलीत ऊस भरायची पद्धत काही बदलली नव्हती. मोळ्या आभाळाला टेकेपर्यंत रचत. त्यांची टोकं गावच्या खालच्या तारेला घासत आणि ठिणगी पेटे. जुन्या रीतीने खालचं दार लागलं असतं, लाइनमनच्या सुरक्षेसाठी त्याबरोबर गावच्या बॅटऱ्याही तोडल्या गेल्या असत्या, आणि तो येईपर्यंत गाव अंधारात बसलं असतं. सांगातीने पाहिलं की आपण वरचंच दार लावलं तर? वरून येणारा जबरदस्त प्रवाह तुटतो. गाव स्वतःच्या बॅटऱ्यांवर तग धरतं, आणि त्या बॅटऱ्यांचा प्रवाह इतका तोकडा असतो की उसाच्या टोकावरची ठिणगी उपाशी मरते. दोन-तीन सेकंदांनी वरचं दार पुन्हा उघडायचं. गावाला दिवा जरासा मंद झाल्याचं तेवढं दिसतं.

युक्ती खरोखरच सुंदर होती. तिच्यात खोट एकच होती. वरच्या दाराच्या आत, ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, वरच्या बाजूला एक मोठा ग्राहक जोडलेला होता. त्याला गावच्या बॅटऱ्यांचा आधार नव्हता आणि गावच्या उसाशी त्याचं काही देणंघेणंही नव्हतं. वरचं दार लागलं की तो पूर्ण अंधारात जाई. त्याच्यासाठी वेगळी लाइन मंजूर होती. फक्त ती मंजूर होऊन बरीच वर्षं झाली होती.

हा ग्राहक म्हणजे चौगुले कास्टिंग्ज, लोखंड वितळवणारी फौंड्री. मालक श्रेणिक चौगुले, त्रिशलाचा थोरला भाऊ.

*

"मॅडम, पुण्याहून फोन होता," कार्यकारी अभियंता देशिंगकर म्हणाले. ते भले गृहस्थ होते आणि भल्या गृहस्थांसारखेच निवृत्तीकडे डोळे लावून होते. "एवढे चांगले आकडे राज्यात कुठल्याच उपकेंद्राचे नाहीत म्हणे. हा हंगाम असाच पार पडला की चारशे ठिकाणी सांगाती बसवणार. आणि त्या सगळ्याच्या प्रमुख तुम्ही. पुण्यात."

त्रिशलाला आनंद झाला, आणि तो तिने चेहऱ्यावर दिसूही दिला. मग जागेवर येऊन, या यशाचं कारण आपल्याला नीट सांगता यायला हवं म्हणून, तिने हंगामातल्या घटना उघडल्या. पाहते तो काय, दोष खाली आणि दार वरचं. एकदा नाही, जवळजवळ दर वेळी. तिच्या धंद्यात याहून मोठी असभ्यता नव्हती.

तिने पडद्यावर प्रश्न टाकला, वरचं दार आधी का?

उत्तर आलं. 'वरच्या ग्राहकाचं नुकसान नगण्य आहे.'

कशावरून?

'ग्राहकाने प्रत्येक वेळी किरकोळ असा प्रतिसाद दिला आहे. वीजपुरवठा सुरू झाल्यावर त्याचा वापरही थोड्याच वेळात पूर्ववत होतो. तक्रार एकही नाही.'

तिने एक प्रतिसाद ऐकून पाहिला. मागे पंख्यांची घरघर, आणि श्रेणिकदादाचा गुळगुळीत, आदबशीर आवाज, "किरकोळ हो. काही नाही. सगळं चांगलं चाललंय."

त्रिशला मोठ्याने हसली. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर करून पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की दादा भट्टीसमोर उभा राहून हे बोलतोय, आणि तिचं हसू गेलं.

चौगुल्यांच्या फौंड्रीत भट्टीसमोर अशुभ बोलत नाहीत. दुकानदार जसं दुकान बंद केलं न म्हणता वाढवलं म्हणतात तसंच हे, पण अप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, ते फारच पुढे नेलेलं. तिथे भट्टी विझत नाही, शांत होते. आतलं लायनिंग फुटत नाही, रजेवर जातं. 'नुकसान' हा शब्द तर फाटकाच्या आतच यायचा नाही. एकदा लहानग्या त्रिशलाने भट्टीपाशी 'विझली का?' असं विचारलं होतं, तर अप्पांनी तिला बाहेर नेऊन देवाला नमस्कार करायला लावला होता.

आणि आता एक यंत्र नेमकं तोच शब्द घेऊन नेमक्या त्याच जागी फोन करत होतं.

*

रविवारी ती फौंड्रीवर गेली. श्रेणिक मोल्डिंगच्या वाळूतून चालत समोर आला. पन्नाशीला टेकलेला, केस पांढरे होऊ लागलेले, शर्टाची बाही एका बाजूने भाजलेली.

"आलीस? चल, चहा घेऊ."

"चहा नंतर. दादा, दिवसातनं किती वेळा लाईट जाती?"

"लाईट काय, जाती आणि येती." तो हसला. "दोन सेकंदाचा तर खेळ."

दोन सेकंदांत भट्टीचं काय होतं ते त्रिशलाला माहीत होतं. ही भट्टी कोळशाची नव्हे. तांब्याच्या पोकळ नळीचं मोठं वेटोळं, त्यातून प्रचंड वीज जाते आणि मधल्या भांड्यातलं लोखंड आपोआप वितळतं. नळीच्या आतून थंड पाणी खेळवत ठेवतात, नाहीतर तांबंच वितळेल. लोखंड आणि ती पाण्याची नळी यांच्यामध्ये असतं फक्त वीतभर जाडीचं लायनिंग, ठोकून बसवलेल्या वाळूचं. दोन सेकंद वीज गेली तरी भट्टीचं पॅनेल बंद पडतं, ते तपासून पुन्हा चालू करेपर्यंत लोखंड निवतं, लायनिंग आक्रसतं, मग पुन्हा तापून फुगतं. असं रोज पाच-सहा वेळा झालं की त्याला चिरा जातात. चिरेतून लोखंड पाण्यापर्यंत पोचलं, तर स्फोट होतो आणि भट्टीजवळ उभा असलेला माणूस उरत नाही.

तिने भट्टीवाल्या इलाही मुजावरांकडे पाहिलं. ते अप्पांच्या वेळेपासून इथे होते.

"चाचा, लायनिंग कसं आहे?"

इलाहीचाचांनी आधी श्रेणिककडे पाहिलं, मग भट्टीकडे. "हाय की, ताई. जरा लवकर लवकर रजेवर जायला लागलंय. पूर्वी महिनाभर टिकायचं."

"आणि आता?"

"आता आठवडा काढतंय. आम्ही मलमपट्टी करतोय."

त्रिशलाने भावाचा दंड धरला आणि त्याला फाटकाबाहेर रस्त्यावर आणलं.

"ती बाई फोनवर विचारती तेव्हा तू किरकोळ म्हणून सांगतोस?"

"मग काय सांगू?"

"खरं सांग. मोठं म्हण. ते यंत्र तुझं ऐकून शिकतंय दादा. याला काही होत नाही, याचीच तोडा, असं शिकलंय ते. गावात दिवा मिचकावला तरी लोक बोंब मारतात, आणि तू लोखंड निवलं तरी चांगलं चाललंय म्हणतोस."

श्रेणिकने खालमानेनं ऐकलं. "भट्टीसमोर तसलं बोलायचं? चाचा उभा असतोय, पोरं उभी असत्यात. मी बोललो आणि त्याच दिवशी काय झालं म्हणजे?"

"न बोलल्यामुळं होणार आहे!"

"तू हापिसात बदल की ते. तुझंच यंत्र हाय न्हवं?"

तिने याचा विचार केला होताच. सोमवारी तिने तो देशिंगकरांसमोर मांडलाही.

"तुमचे बंधू ना ते?" त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, सांगातीच्या हिशेबातलं भावाचं वजन तुम्ही हाताने वाढवलंत असं उद्या कुणी म्हटलं तर मी काय उत्तर देऊ? आणि समजा वाढवलं. सांगाती पुन्हा फोन करणार, ते पुन्हा किरकोळ म्हणणार, चार दिवसांत आकडा होता तिथे. त्यांनाच सांगू द्या ना. प्रामाणिक माणूस दिसतोय."

"नाही सांगणार ते."

"मग त्यांचं खरंच किरकोळ असेल," देशिंगकर म्हणाले. त्यात खवचटपणा अजिबात नव्हता.

तिने चौगुले कास्टिंग्जची भट्टी धोक्यात असल्याचा अर्ज वर पाठवला. वरून विचारणा आली की ग्राहकाची तक्रार जोडलेली नाही, ती जोडावी. ग्राहकाची तक्रार नव्हतीच.

शेवटी श्रेणिक एवढ्यावर तयार झाला की फोन आला की तो फाटकाबाहेर जाऊन बोलेल. बुधवारी वीज गेली, आली, फोन वाजला. श्रेणिक फोन धरून लगबगीने बाहेर गेला, रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपाशी उभा राहिला. नेमकं तेव्हाच टपरीवाल्याने विचारलं, "काय मालक, बरं हाय न्हवं?" आणि श्रेणिकच्या तोंडून आयुष्यभराच्या सवयीने निघालं, "बरं हाय की." मग घाईघाईने फोनमध्ये, "किरकोळ."

त्याने हे स्वतःच बहिणीला फोन करून सांगितलं आणि ओशाळं हसला. त्रिशलाला त्याचा संताप आला. नंतर तिला भीती वाटू लागली, आणि ती काही केल्या जाईना.

*

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली ती भट्टीचं वेळापत्रकच बदलून टाकायच्या इराद्याने. म्हणजे दादाने भट्टी आठ दिवस बंद ठेवावी, नवं लायनिंग करावं, हंगाम संपेपर्यंत कमी चालवावी. श्रेणिक म्हणाला, एक भट्टी ओतून होऊ दे, मग बोलू. भांडं काठोकाठ भरलेलं होतं आणि लोखंड पांढरंपिवळं दिसत होतं.

वीज गेली.

पंखे थांबले. दोन सेकंदांनी वीज परत आली, पण पॅनेल अर्थातच बंद पडलेलं. पोरं सवयीने आपापल्या जागी गेली. इलाहीचाचा पॅनेलकडे निघाले आणि मध्येच थबकले. भट्टीच्या पोटाला, खालच्या अंगाला, तळहाताएवढा लाल डाग उमटला होता. तो बघता बघता उजळत होता.

"मालक," चाचा म्हणाले. त्यांनी पुढचा शब्द उच्चारलाच नाही. तिथे तो उच्चारत नसत.

पण श्रेणिकला कळलं. तो ओरडला, "पाणी तोडा! समदी मागं व्हा! चाचा, तुम्हीबी!"

भट्टी कलंडवून लोखंड खालच्या कोरड्या खड्ड्यात सोडायचं, एवढा एकच उपाय होता. कलंडवण्याचा पंप पॅनेलवर चाले आणि पॅनेल बंद होतं. हातपंपाचा दांडा भट्टीच्या अगदी लगत होता. श्रेणिक तिकडे धावला. त्रिशला त्याच्यामागे निघाली तर इलाहीचाचांनी तिचा हात असा घट्ट धरला की नंतर आठवडाभर वळ राहिला.

"सोडा चाचा!"

"न्हाई सोडत, ताई."

श्रेणिक दांडा मारत होता. एक, दोन, भट्टी जागची हलेना. मग ती कुरकुरली आणि कलली. तिच्या तोंडातून लोखंड खड्ड्यात पडायला लागलं आणि शेडच्या पत्र्यापर्यंत ठिणग्या उडाल्या. लाल डाग फुटला. त्यातून थोडं लोखंड बाहेर आलं, वेटोळ्यातल्या उरल्यासुरल्या पाण्याला भेटलं आणि एक फटका बसल्यासारखा आवाज झाला. वाफेचा लोट उठला. त्या लोटात श्रेणिक दिसेनासा झाला.

त्रिशलाला एवढंच वाटत होतं की आता आपल्याला दादा नाही.

वाफ विरली तेव्हा तो दांडा धरूनच उभा होता. चेहरा लालबुंद, एका भुवईचे केस गेलेले, हातावर फोड यायला लागलेले. पाणी वेळेवर तोडल्यामुळे जो स्फोट व्हायचा तो झाला नव्हता, झाली होती ती त्याची किरकोळ आवृत्ती. खड्ड्यात भट्टीभर लोखंड काळवंडत चाललं होतं, आणि वेटोळं फुटून बाहेर लोंबत होतं.

तेवढ्यात श्रेणिकच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो भाजक्या बोटांनी काढला आणि बटण दाबताना आवाज मोठा झाला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"नमस्कार, श्रेणिक चौगुले. आपलं नुकसान किती झालं? किरकोळ, मध्यम की मोठं?"

पोरं मालकाकडे बघत होती. श्रेणिकने भट्टीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं.

"मोठं," तो म्हणाला.

इलाहीचाचांनी डोळे मिटले.

"लई मोठं नुकसान झालंय बाई. भट्टी फुटली. विझली. आता उठायची न्हाई महिनाभर." तो थांबत नव्हता. "आणि आजच झालंय असं न्हाई. रोज झालंय. तू विचारायचीस आणि मी किरकोळ म्हणायचो. मला सगळ्यांनी असंच विचारलंय आणि मी असंच सांगितलंय. कॉलेज सोडून हितं आलो तवा अप्पांनी विचारलं, वाईट वाटतंय काय रं? म्हटलं, छे. बहीण शिकली, चांगलं झालं, पर मलाबी शिकायचं हुतं. आई तीन वर्षं अंथरुणाला हुती, हिचा फोन यायचा, कसं चाललंय दादा? म्हणायचो, बरं चाललंय. रात रात बसून काढायचो आणि म्हणायचो बरं चाललंय. झालं माझं नुकसान. लई झालं. लिहून घे."

मग फोनवरचा तो शांत आवाज म्हणाला, "आपला प्रतिसाद 'मोठं' असा नोंदवला आहे. धन्यवाद."

श्रेणिक तसाच उभा राहिला. त्रिशला त्याच्याजवळ गेली. तिला जे सुचत होतं ते सगळं उशिराचं होतं. तिने त्याच्या हातातला फोन घेतला, त्याला नळाशी नेलं आणि त्याच्या भाजलेल्या हातांवर पाणी सोडून बराच वेळ ते हात धरून राहिली.

*

एका उत्तराने सांगाती बदलणार नाही अशी तिची अटकळ होती, पण तो तिला वाटला त्याहून शहाणा निघाला. आज एवढं मोठं असेल तर आधीची सगळी 'किरकोळ' उत्तरं खरी कशी, असा हिशेब त्याने स्वतःच केला. फौंड्रीचा वापर महिनाभर शून्यावर राहिला, तोही त्याने मोजला. जुन्या उत्तरांचं मोल त्याने जवळजवळ पुसून टाकलं आणि दोन्ही बाजू नव्याने तोलायला घेतल्या.

फाल्गुनात भट्टीला नवं वेटोळं आणि नवं लायनिंग मिळालं. शेवटचा ऊस अजून जातच होता. भट्टी पेटली त्या दिवसापासून सांगाती जुन्या शिष्टाचारावर परत आला. दोष खाली, दार खालचं. मोळी तारेला लागली की गाव अंधारात, आणि फौंड्रीला त्याचा पत्ताही नाही. गावात मोर्चाची भाषा सुरू झाली. शिंप्याचा कोट आता खरोखरच जळला असावा. शिरगुंडीचे आकडे राज्यात पहिल्यावरून कुठल्या कुठे घसरले, आणि पुण्याहून दोन साहेब कारण विचारायला आले.

त्रिशलाने कारण लिहून तयार ठेवलं होतं. जो बोलत नाही त्याला यंत्र सोसणारा समजतं, आणि आपल्याकडे न बोलणारी माणसं गावोगाव आहेत, तेव्हा चारशे ठिकाणी हे बसवू नये, असा त्याचा मतलब होता. त्यात तिची पुण्याची जागा जात होती. तिला वाईट वाटत होतं. देशिंगकरांनी सकाळी "कसं वाटतंय, मॅडम?" असं विचारलं तेव्हा तिने "वाईट वाटतंय, साहेब" असं सरळ सांगून टाकलं, आणि ते भले गृहस्थ पार गोंधळून गेले.

दुपारी ती कागद घेऊन लिफ्टने वर निघाली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये दिवा गेला आणि लिफ्ट थांबली. कार्यालयाच्या लिफ्टची बॅटरी कधीचीच निकामी होती. वर कुठेतरी साहेब लोकांचे आवाज चढले. कुणीतरी शिपायाला हाका मारत होतं.

त्रिशलाने अंधारात फोन लावला.

"दादा, लाईट आहे का तुझ्याकडं?"

"आहे की. का गं? तिकडं गेली?"

"गेली."

"आता तुला तुझी माणसं शिव्या घालणार," श्रेणिक म्हणाला. मग त्याने विचारलं, "लई अडचण झाली काय?"

"झाली," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये अडकलोय मी. वर पुण्याचे साहेब बसलेत, गरम होतंय, आणि मला रडायला येतंय."

श्रेणिक हसला नाही. "येऊ का तिकडं?" त्याने विचारलं.

"नको. भट्टी चालू आहे न्हवं?"

"चालू आहे. लोखंड आत्ता कुठं ताव धरतंय. ऐकतीस?"

त्याने फोन भट्टीच्या दिशेने धरला असावा. आधी पंख्यांची घरघर आली, आणि तिच्याखाली एकसारखा, जाड, गुणगुणता आवाज. त्यात खंड नव्हता. त्रिशला लिफ्टच्या फरशीवर बसली, कागद बाजूला ठेवले आणि भिंतीला डोकं टेकलं.

"फोन ठेवू नको," ती म्हणाली. "राहू दे तसाच."